'एचिंग'ला कोरीवकाम म्हणावं का?

विचारणा अशी आहे : सतराव्या शतकातला डच चित्रकार आद्रियान फान ऑस्टाड याच्या एका एचिंगखाली (म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्राखाली) 'शेतकरी कुटुंब, कोरीवकाम' असं लिहिलं तर चालेल का?

दोन्ही शब्द थोडे घसरतात, 'कोरीवकाम' जास्त.

कोरण्यात हत्यार धातू उकरतं. भांड्यावर नाव कोरतात ना, तसं. एचिंगमध्ये हात धातूशी झटतच नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर द्यायचा, सुईनं त्या थरात रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात सोडायचा. जिथं थर निघून तांबं उघडं पडलंय तिथंच आम्ल ते खातं. ऑस्टाडच्या खेड्यातल्या माणसांचे ढगळ कपडे, मोडकी दारं इतक्या मोकळ्या रेघांत उतरली ती त्यामुळेच. कोरणीला अशी भटकंती जड जाते.

'खातं' मुद्दाम म्हटलं. 'एच' हा शब्द इंग्रजीत डचमधून आला, डचमध्ये जर्मनमधून, आणि जर्मनमधला त्याचा जुना अर्थ 'खाऊ घालणं'. त्याच मुळाची संस्कृतातली फांदी म्हणजे 'अद्' धातू, ज्यापासून आपलं 'अन्न' आलं! आपणही 'गंजानं पत्रा खाल्ला' म्हणतोच की. ऑस्टाडचं १६५३ चं एक एचिंग आहे : गरीब घरातली माणसं जेवणाआधी प्रार्थना करताहेत. अन्नावरचं चित्र, तेही आम्लाला तांबं खाऊ घालून केलेलं. (हा योगायोग मला फार आवडतो, पुरावा म्हणून धरू नका.)

आता 'शेतकरी'. डचमध्ये शब्द आहे 'बूर'. आपल्याला तो बोअर युद्धामुळे ठाऊक आहे. त्याचा अर्थ शेतकरी खराच, पण शहरी तोंडी तो 'गावंढळ'कडेही झुकतो. हार्लेम शहरात राहणाऱ्या ऑस्टाडच्या सुमारे ५० एचिंगांमध्ये नांगर शोधावा लागतो. माणसं दिसतात ती दारात, चुलीपाशी, गुत्त्यात. १६५२ च्या चित्रातली बाई घराबाहेर सूत कातत बसली आहे. 'शेतकरी' म्हटलं की मराठी वाचक आधी जमीन शोधतो. 'शेतमजूर' म्हणावं तर मजुरीचा व्यवहार चित्रात नाही, आणि 'कुणबी'त जात शिरते. 'गावंढळ' म्हणजे तर चित्रकाराच्या वतीनं आपणच हसल्यासारखं.

मी 'खेडूत कुटुंब, आम्लरेखन' असं लिहीन. 'आम्लरेखन'ला प्रयोगशाळेचा वास येत असेल, तर सरळ 'एचिंग' ठेवा. 'कोरीव' मात्र नको.