पाटीवरची सरस्वती

चिऊ,

काल दसऱ्याची पूजा आटोपल्यावर तू विचारलंस, "आई, खरी सरस्वती कुठली? भिंतीवरची की पाटीवरची? पाटीवर तर नुसते आकडे आहेत." मी "जेवायला चल" म्हणून विषय टाळला. प्रश्न मात्र मनात राहिला.

कराडला माईंच्या माजघरात राजा रविवर्म्यांची सरस्वती होती. आपल्याकडे आहे तीच, मोराजवळ बसून वीणा वाजवणारी. माईंच्या सासूबाईंनी तिच्या साडीला जर आणि टिकल्या चिकटवून मग तसबीर केली होती. त्यातली एक टिकली निखळून काचेच्या आत, चौकटीच्या तळाशी पडलेली. दिवाळीत तसबीर पुसायला काढली की ती इकडून तिकडे सरकायची. मी हात मोजायची. "चार कशाला गं?" तर माई म्हणाल्या, "दोन वीणेत गुंतलेत. मग पोथी कोण धरणार, जपमाळ कोण ओढणार?" मला पटलं. चुलीपाशी माईंनाही दोन हात पुरायचे नाहीत.

देवी अशीच दिसते, पहिल्यापासून, असं मी धरून चालले होते. कॉलेजात कळलं, रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन माणसाला विकला. दर रंगाला वेगळा दगड, असे एकावर एक रंग छापत देव घरोघरी पोचले. म्हणजे माझ्या देवीचा चेहरा जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा, एका चित्रकाराने ठरवलेला. तेव्हा फसल्यासारखं वाटलं होतं. अजूनही वाटतं कधीकधी, कारण डोळे मिटले की दुसरा चेहरा येतच नाही.

पाटीवरच्या सरस्वतीला चेहराच नाही. आदल्या दिवशी नाना पाटी कोळशाने घासून काळीभोर करायचे. सकाळी माझा हात धरून १ काढायचे, त्याला जोडून दुसरा, मग तिसरा, त्रिकोणी नक्षी पुरी होईपर्यंत. शाळेत नव्हते गेले मी अजून. लिहिता यायचं ते तेवढंच, १. आणि तेवढ्यावर देवी काढता येत होती! वर झेंडूचं फूल, शेजारी ताईची पुस्तकं. ती पूजेत, म्हणून तिला दिवसभर अभ्यासाला सुट्टी. ताईला देवी आवडायची ती मुख्यतः त्यासाठी.

तर बाळा, खरी कुठली ते तुला सांगायला मी कोण? माझी विचारशील तर पाटीवरची. ती मी काढलेली आहे.

तुला काढायची नसेल तर राहू दे, मी रागावणार नाही. काढावीशी वाटली तर तुमच्या शाळेतला, लांब शेंडीचा एक काढलास तरी चालेल. पाटी अजून पुसलेली नाही. उजव्या कोपऱ्यात जागा आहे.

तुझी,
आई