गरम पाणी, दोरी आणि ‘नोन फुन्त्सियोना’

प्रश्न : आम्ही दोघं (वय ६४ आणि ६१) मे महिन्यात टूर कंपनीशिवाय रोम आणि फ्लॉरेन्सला जातोय. हॉटेलं छोटी, घरगुती आहेत. तिथे लागणारी इटालियन वाक्यं देवनागरीत द्याल का? मुलगा म्हणतो, फोनमध्ये ॲप आहे, पाठ कशाला करता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाचं निम्मं खरं आहे. पण अंगाला साबण लागलेला असताना ॲप कुठे शोधणार? मी सहा वर्षं इटलीतल्या बोलोन्यात काढली, म्हणून आधी न्हाणीघराचंच सांगते.

नळावर ‘सी’ दिसलं की आपण कोल्ड समजतो. ते ‘काल्दो’चं असतं, म्हणजे गरम! थंड म्हणजे ‘फ्रेद्दो’, त्याचं अक्षर ‘एफ’. शॉवरजवळ एक दोरीही लोंबत असते. माझ्या सासूबाईंनी ती गीझरची समजून ओढली. खाली घंटा वाजली आणि रात्रपाळीचा माणूस धापा टाकत दारात हजर. ती दोरी कुणी पडलंबिडलं तर मदत बोलावण्यासाठी असते. चुकून ओढलीत तर ‘स्कूझी, तुत्तो बेने’ म्हणा : माफ करा, सगळं ठीक आहे. ‘स्कूझा’ नको, ते अरे-तुरेतलं. ‘चाओ’सुद्धा अनोळखी माणसाला नको, सकाळी ‘ब्वोन्जोर्नो’, संध्याकाळी ‘ब्वोनासेरा’.

पोचल्यावर म्हणायचं, ‘ओ उना प्रेनोतात्सियोने’, माझं बुकिंग आहे, आणि पुढे आडनाव. (लिहिताना ‘हो’ असतं, पण त्यातला ‘ह’ मुका.) ‘पासापोर्तो’ मागतील तेव्हा बिचकू नका, पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणं त्यांना कायद्यानं भाग आहे. ‘तास्सा दि सोज्जोर्नो’ हा मुक्कामाचा कर बहुधा वेगळा भरावा लागतो. ऑक्टोबर २०२३मध्ये रोमनं तो वाढवला, तेव्हा थ्री-स्टार हॉटेलात माणशी रात्रीला ६ युरो झाला.

‘कामेरा’ म्हणजे खोली. ‘मात्रिमोनियाले’ म्हटलं की एक मोठा पलंग, ‘दोप्प्या’ म्हटलं की दोन वेगळे. तुमच्यापैकी कोण घोरतं त्यावर ठरवा.

पाठ करायचं एकच असेल तर ‘नोन फुन्त्सियोना’, चालत नाही. दिवा, किल्ली, एसी, ज्याचं बिघडलं त्याकडे बोट दाखवायचं आणि हे म्हणायचं. टॉवेल हवा तर ‘उन आशुगामानो, पेर फावोरे’. नाश्ता किती वाजता? ‘आ के ओरा ए ला कोलात्सियोने?’ उत्तरात ‘सेत्ते’, ‘ओत्तो’, ‘नोवे’ येईल. सात, आठ, नऊ कानाला ओळखीचेच लागतात.

छोट्या हॉटेलांत खोलीत किटली असेलच असं नाही. तेव्हा ‘उन पो दाक्वा काल्दा, पेर फावोरे’, थोडं गरम पाणी द्या. सासूबाईंच्या उपम्याच्या पाकिटासाठी मी ते मागितलं, तर काउंटरवरच्या आजींनी त्यात लिंबाची साल टाकून दिली. तिकडे पोट बिघडलं की तसं पितात. उपमा मात्र फर्मास झाला.