बारीक भागांसाठी रेझिन निवडताना: कडकपणा नंतर, पातळपणा आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १:३५ प्रमाणातल्या मॉडेल ट्रकची चाकं, पेट्या, शिडी आणि कठडे सिलिकॉनच्या साच्यात ओतायचे आहेत, हाताशी दागिन्यांसाठीचं पारदर्शक इपॉक्सी आहे, तर तेच वापरावं का? चाकांना आणि पेट्यांना चालेल. शिडी-कठड्यांना नको.

रेझिन घेताना बहुतेक जण आधी कडकपणा बघतात. डब्यावर ‘शोर डी ७०’ (कडकपणाचं माप) दिसलं की समाधान होतं. पण एवढ्याशा भागात कडकपणा क्वचितच नडतो. नडतात त्या दुसऱ्याच दोन गोष्टी: रेझिन किती पातळ आहे, आणि मिसळल्यावर ते ओतायला किती मिनिटं मिळतात. म्हणून आधी तुमच्या सगळ्यात बारीक भागाची जाडी मोजा.

दागिन्यांचं इपॉक्सी दाट असतं. अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेतली हवा त्याला पुढे ढकलता येत नाही, आणि कठडा मध्येच तुटलेला निघतो. शिवाय इपॉक्सीला सेट व्हायला स्वतःच्या उष्णतेची मदत लागते. बारीक दांडीत माल इतका कमी की जी काही उष्णता तयार होते ती सिलिकॉन शोषून घेतं. कपात उरलेलं रेझिन दगडासारखं झालं तरी साच्यातली शिडी दुसऱ्या दिवशीही लिबलिबीत असते, ती यामुळे.

अशा कामाला पांढरं, पातळ पॉलियुरेथेन घ्या. उदाहरण म्हणून स्मूथ-ऑनची स्मूथ-कास्ट मालिका बघा. ३००, ३०५ आणि ३१० या तिन्हींची दाटी साधारण ८० सेंटीपॉइज, म्हणजे ओतताना ती जवळपास पाण्यासारखी धावतात. फरक वेळेचा. ३०० ला ३ मिनिटं मिळतात आणि १० मिनिटांत भाग निघतो. ३०५ ला ७ मिनिटं, मग अर्धा तास. ३१० ला १५ ते २० मिनिटं, पण साचा काही तास अडकून राहतो. तुम्हाला ३०५ च्या जातीचं, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. तीन मिनिटांतलं एक मिनिट नीट ढवळण्यातच जातं. उरलेल्या दोनात चार साचे भरायला सरावलेला हात लागतो. हे आकडे २३ अंशांच्या आसपासचे आहेत. खोली गरम असेल तर मिनिटं झपाट्याने कमी होतात.

साच्यातून काढायच्या वेळेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ती जाड तुकड्यासाठी असते. बारीक भाग दुप्पट-तिप्पट वेळ राहू द्या, आणि ओतण्याआधी साचा कोमट करून घ्या. घाईने काढलेली शिडी वाकते. वाकलीच तर गरम पाण्यात धरा, सपाट काचेवर सरळ करा आणि गार पाण्यात टाका.

पॉलियुरेथेनचं वैर ओलाव्याशी. त्याच्या दोन द्रवांपैकी एकात असलेलं आयसोसायनेट हे रसायन पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सगळा भाग फेसाळतो. लाकडी काडी आणि कागदी कप नकोत. दोन्हीत ओल असते. प्लॅस्टिक वापरा, झाकणं लगेच लावा, आणि स्वस्त पडतो म्हणून मोठा डबा घेऊ नका. उघडलेला डबा दमट हवेत फार टिकत नाही.

मोजमापातली एक खोच: दोन द्रव मिसळायचं १:१ हे प्रमाण आकारमानाने की वजनाने, ते आधी वाचा. दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते. दहा ग्रॅमच्या घाण्यात अर्ध्या ग्रॅमची चूकही भारी पडते, म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा किंवा सिरिंज हवीच.

बुडबुड्यांसाठी प्रेशर पॉट (भरलेला साचा हवेच्या दाबाखाली ठेवायचं भांडं) असेल तर उत्तम. पण मग सिलिकॉनचा साचाही त्याच दाबाखाली ओतलेला हवा. नाहीतर साच्यातले लपलेले बुडबुडे दाबाने आत बसतात आणि भागावर पुटकुळ्या येतात. पॉट नसेल तर साच्यात टाल्कम पावडर भुरभुरून जास्तीची झटकून टाका. रेझिन बारीक कोपऱ्यांत सहज शिरतं. साचा थोडा तिरपा ठेवा आणि सगळ्यात उंच टोकाला हवा निघायला वाट कापा.

पॉलिएस्टर सोडाच. वास उग्र, आक्रसतं जास्त, ठिसूळ, आणि साचेही लवकर खातं. यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं) हेडलाइटच्या काचांपुरतं ठीक, तेही प्रकाश आरपार जाईल अशा पारदर्शक साच्यात.

नायट्राइल हातमोजे आणि खेळती हवा इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन दोन्हींना लागतात. आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी जडली की थोडीशी वाफही दम्याचा त्रास देऊ शकते. घासायचं ते पाण्याखाली, म्हणजे धूळ उडणार नाही.

आणि कठड्यांबद्दल माझं स्पष्ट मत: ०.५ मिलिमीटरच्या आसपासचे असतील तर ते ओतूच नका. पितळी तार वाकवून सोल्डरचा डाग द्या. हात लागला तर रेझिनचा कठडा तुटतो, तारेचा फक्त वाकतो.