रिक्वायरमेंट्स लिहिण्यात करिअर असतं का?

प्रश्न : ताई, मी निफाड तालुक्यातली, ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) शेवटच्या वर्षाला आहे. कांद्याच्या चाळीत सेन्सर बसवून सड लवकर ओळखायची, असा आमचा चौघांचा प्रोजेक्ट आहे. गाईड सर म्हणतात, पहिला महिना कशालाही हात न लावता फक्त रिक्वायरमेंट्स, म्हणजे यंत्राकडून नेमकं काय हवंय त्या गरजा, लिहा. मुलांनी सेन्सर मागवूनही टाकले आणि ‘तुझं इंग्रजी चांगलं आहे’ म्हणून लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. ते कोडिंग शिकणार आणि मी कारकुनी करत बसणार का? या कामात करिअर असतं का?

उत्तर : तुझ्या वाट्याला आलेलं काम कारकुनीचं नाही. पण हॉस्टेलवर बसून मागच्या बॅचच्या रिपोर्टमधून उतरवून काढलंस, तर ते कारकुनीचंच होईल.

तुमच्या चाळीचंच घे. उन्हाळ कांदा चाळीत पडतो एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीच्या आगेमागे चाळी रिकाम्या होत जातात. तुमचं यंत्र तयार होणार जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा ते लावणार कशाला? पुन्हा कांदा भरेपर्यंत तुमची तोंडी परीक्षा दारात आलेली असेल. म्हणजे चाचणी कधी आणि कुठल्या कांद्यावर घ्यायची, ही तुमची पहिली गरज, आणि ती आजच लिहायला हवी. सड ढिगाच्या पोटात असेल तर भिंतीवरचा सेन्सर नुसती चाळीतली हवा मोजत राहील. पोटात ठेवायचा तर कांदा भरतानाच ठेवावा लागतो, मग मध्येच सेल संपला तर काय? आणि इशारा मिळाल्यावर शेतकऱ्याने नेमकं करायचं काय? मजूर लावून अख्खी चाळ उपसायची, की कुठल्या कप्प्यातला माल आधी बाजारात न्यायचा एवढंच त्याला कळायला हवं आहे? या एका उत्तराने सेन्सर किती लागतील, कुठे लागतील, सगळंच बदलतं. मुलांनी मागवलेले सेन्सर त्यात बसतील की नाही, आज कुणीच सांगू शकत नाही.

‘चाळीवर नीट लक्ष राहावं’ ही इच्छा झाली. ‘वीज गेल्यावर यंत्र बारा तास चालावं आणि इशारा साध्या फोनवर रिंग देऊन मिळावा’ ही रिक्वायरमेंट. ती पुरी झाली की नाही, घड्याळ लावून तपासता येतं.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि सुमारे चाळीस सेकंदांत आकाशातच फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान-४ मधून घेतलेलं होतं, तिथे ते उत्तम चाललं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच कितीतरी जास्त. त्यावरून निघणारा आकडा १६ बिटच्या जागेत मावला नाही आणि मुख्य व राखीव, दोन्ही यंत्रणा बंद पडल्या. चौकशीत दिसलं की त्या यंत्रणेच्या गरजांमध्ये एरियान-५ च्या उड्डाणमार्गाची माहितीच घातलेली नव्हती. त्यावर हळहळ वाटते ती याची, की बंद पडण्याला कारण झालेल्या त्या भागाचं या रॉकेटमध्ये उड्डाणानंतर काही कामच नव्हतं. ‘हे आपल्याला लागतं का?’ एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

मी समुपदेशनात येण्याआधी काही वर्षं इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. एका पंपहाऊसचं पॅनल आम्ही वेळेत पाठवलं, टेस्टिंगही चोख केलेलं. साइटवर केबल ट्रे छताजवळून आलेला आणि आमची ग्लँड प्लेट, म्हणजे केबल आत घ्यायची पट्टी, पॅनलच्या तळाला. वरून केबल घ्यायला वाटच नव्हती, कारण वरच्या बाजूला बसबार, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या. केबल वरून येणार की खालून, हे ऑर्डर घेताना फोनवर विचारलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. विचारायची जबाबदारी माझी होती. उघड्या पॅनलसमोर उभा असलेला तो फिटर मला अजून आठवतो.

आता करिअरचं. पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्या बऱ्याच कंपन्यांत एएसपाइसच्या, म्हणजे वाहनांचं सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत तपासणाऱ्या, चौकटीत काम चालतं. तिथे प्रत्येक रिक्वायरमेंटला क्रमांक असतो आणि तो थेट एकेका टेस्टशी जोडलेला असतो. सिस्टीम्स इंजिनिअर, रिक्वायरमेंट्स इंजिनिअर, आयटीत बिझनेस ॲनालिस्ट, अशा नावांनी ही पदं असतात. मात्र नव्या पदवीधराला ती सहसा लगेच मिळत नाहीत. आधी टेस्टिंग किंवा डेव्हलपमेंटमध्ये हात काळे करावे लागतात आणि ते योग्यच आहे. म्हणून कोडिंग सोडू नकोस. निदान एका सेन्सरचा कोड माझा, असं ग्रुपमध्ये स्पष्ट सांग. आणि लिहिण्याचं काम तू एकटीने करायचं नाही, चाळीत चौघांनी जायचं, हेही सांग. मुलगी आहे म्हणून रिपोर्ट तिच्याकडे, हे मी फार ग्रुपमध्ये पाहिलंय आणि मला ते मुळीच पटत नाही. इन्कोसे या सिस्टीम्स इंजिनिअरिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची अनुभवाची अट नसलेली एक प्राथमिक परीक्षा आहे, पण तिच्यामागे या वर्षी लागू नकोस.

येत्या रविवारी वही घेऊन गावातल्या दोन-तीन चाळींवर जा. मागच्या वर्षी सड पहिल्यांदा कशावरून कळली, वासाने की पाणी सुटल्यावर, तेव्हा कोणता महिना होता, मग काय केलं, हे विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घे. आणि मुलांना सांग, सेन्सरची पाकिटं तोवर फोडू नका, परत घेतात का ते दुकानदाराला विचारा.