रोझेटा कोडवर स्वतःची उदाहरणे द्यायला विद्यार्थ्याने सुरुवात कशी करावी?

आपण नाशिकमध्ये संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पायथन ही संगणकीय भाषा बऱ्यापैकी येते, आणि रोझेटा कोड या सामूहिक विकीवर (अनेकांनी मिळून लिहिलेल्या संकेतस्थळावर) आपल्यासारख्याने कोड द्यावा का, असे आपण विचारले आहे. अवश्य द्यावा. मी नाशिकरोडला राहतो आणि नोकरी सांभाळून अधूनमधून तेथे लिहितो. त्या अनुभवावरून सांगतो की तेथे भाषेवरील प्रभुत्वापेक्षा दिलेले काम बारकाईने वाचण्याची सवय जास्त उपयोगी पडते.

2007 मध्ये माइक मोल यांनी सुरू केलेल्या या विकीवर एकच काम अनेक संगणकीय भाषांमध्ये सोडवून शेजारी शेजारी ठेवलेले असते. वाचक तेथे दोन भाषा ताडून पाहण्यासाठी येतो. त्यामुळे आपला कोड कितीही वेगवान असला, तरी तो कामाच्या व्याख्येपासून थोडाही ढळला, तर ती तुलनाच खोटी ठरते.

सरावासाठी मी आपल्याला कापरेकर संख्यांचे काम सुचवेन, आणि त्यामागे आपुलकीही आहे. गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर 1930 ते 1962 या काळात आपल्या देवळालीतच शाळेत शिकवत होते, आणि त्यांच्या नावाची संख्या आज कितीतरी संगणकीय भाषांत शोधली जाते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. व्याख्या अशी: संख्येच्या वर्गाचे एका ठिकाणी दोन तुकडे करावेत, दोन्ही तुकडे शून्याहून मोठे असावेत आणि त्यांची बेरीज मूळ संख्येइतकी यावी, 1 ही संख्या अपवाद म्हणून धरली जाते. उदाहरणार्थ, 2223 चा वर्ग 4941729, आणि 494 अधिक 1729 म्हणजे पुन्हा 2223.

मी हा कोड प्रथम लिहिला तेव्हा मूळ संख्येत जितके अंक, तितकेच अंक उजव्या तुकड्यात घेतले. दहा हजारांच्या आत 15 संख्या मिळाल्या आणि काम झाले असे मला वाटले. प्रत्यक्षात त्या 17 आहेत. 4879 चा वर्ग 23804641. तो 238 आणि 04641 असा तोडला तरच बेरीज जमते, कारण येथे उजवा तुकडा पाच अंकी आहे. 5292 च्या बाबतीतही तसेच: 28 आणि 005264. पृष्ठावर ‘कोठेही तोडा’ असे होते आणि मी ‘मध्ये तोडा’ असे वाचले होते. याउलट, शून्याचा तुकडा चालत नाही ही अट विसरली, तर 10, 100 आणि 1000 यादीत घुसतात आणि संख्या 20 होतात. म्हणून कोडसोबत त्याचे प्रत्यक्ष आउटपुट द्यावेच. ते शेजारच्या भाषेच्या आउटपुटशी लावून पाहिले की अशी चूक लपत नाही.

पायथनमध्ये हे काम आधीच झालेले आहे, तेव्हा तेथे तोच कोड पुन्हा देऊ नये. वेगळी पद्धत असेल तर मात्र ती जरूर द्यावी. वर्ग कसाही तोडला तरी तुकड्यांच्या बेरजेला 9 ने भागल्यावर उरणारी बाकी वर्गाच्या बाकीइतकीच असते. म्हणजे संख्या आणि तिचा वर्ग यांची बाकी सारखी हवी, आणि हे केवळ बाकी 0 किंवा 1 असतानाच घडते. दर नऊ संख्यांपैकी दोनच तपासाव्या लागतात. अशी युक्ती वापरल्यास ती का चालते, हे कोडच्या वर दोन वाक्यांत लिहावे.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. खाते उघडावे, आपल्या भाषेचाच विभाग संपादित करावा, आणि दुसऱ्याच्या कोडमध्ये चूक दिसल्यास ती कारणासह नोंदवावी. तेथील मजकूर जीएनयू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली जातो, म्हणजे तो कोणालाही वापरता आणि बदलता येतो, म्हणून इतर संकेतस्थळांवरून किंवा पाठ्यपुस्तकातून उचललेला कोड तेथे टाकू नये. प्रत्येक भाषेसाठी अजून न झालेल्या कामांची यादीही मिळते. पुढे एखादी कमी प्रचलित भाषा शिकलात, तर ती यादी उघडावी.

मराठी माणसाने हाताळावे असे आणखी एक काम म्हणजे शब्द उलटा करणे. त्यात जोडचिन्हे अक्षराला चिकटूनच ठेवावीत, अशी जादा अपेक्षा नोंदवलेली आहे. पायथनच्या नेहमीच्या पद्धतीने ‘नाशिक’ उलटा केला की ‘किशान’ मिळतो, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र चिन्हे म्हणून उलटतात व शेजारच्या अक्षराला जाऊन लागतात; अक्षरे अखंड ठेवल्यास ‘कशिना’ यायला हवे. आपण ज्या भाषेत लिहाल तिच्यात हा शब्द चालवून पाहावा, आणि ‘त्र्यंबकेश्वर’ही, कारण तेथे जोडाक्षरांचा प्रश्न पुढे येतो: युनिकोड या संगणकीय लिपिचिन्हांच्या मानकाच्या 15.1 आवृत्तीपूर्वीच्या नियमांनुसार ‘त्र्यं’ हे एक अक्षर न धरता त्याचे तीन तुकडे होतात. जे आउटपुट येईल ते, वापरलेल्या आवृत्तीच्या उल्लेखासह, जसेच्या तसे द्यावे.