ठरवतो कोण, मी की माझा मेंदू?

प्रश्न : हात हलवायचा असं आपण ठरवण्याआधीच मेंदूने ते ठरवलेलं असतं असं वाचलं, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. मग माझ्या इच्छेला काही अर्थच नाही का?

उत्तर : तुम्ही वाचलंत तो मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३चा प्रयोग. लोकांनी मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि इच्छा कधी झाली ते घड्याळात बघून सांगायचं, तर इच्छेची जाणीव हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधी, पण मेंदूतला सिग्नल त्याच्याही ३५० मिलिसेकंद आधीच चढायला लागलेला! पण म्हणून निर्णय आधीच झाला होता असं नाही हं. २०१२ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ आरॉन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो चढ म्हणजे मेंदूतल्या विद्युत सिग्नलचं नेहमीचं खालीवर होणंही असू शकतं, तो एका पातळीच्या वर गेला की हात हलतो. मला हे जास्त पटतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो २००९चा अभ्यास, मेंदूच्या ऑपरेशनमध्ये जागे असलेल्या पेशंटच्या मेंदूच्या पॅरायटल (वरच्या-मागच्या) भागाला हलका करंट दिला तर त्यांना हात हलवावासा वाटायला लागला, करंट वाढवला तर हात हलवला असंच वाटलं पण स्नायू जागचा हलला नव्हता, आणि मेंदूच्या पुढच्या बाजूच्या प्रीमोटर (हालचालीची तयारी करणाऱ्या) भागाला दिला तर हात खरंच हलला आणि पेशंटला पत्ताच नाही! म्हणजे इच्छा वाटणं आणि हालचाल होणं ही कामं मेंदूचे वेगवेगळे भाग करतात. आणि हे सगळं मनगट हलवण्याबद्दल आहे, नोकरी सोडायची का यावर महिनाभर केलेला विचार त्यात मोजलेलाच नाही.