लेसरचं पॅकेज घेण्याआधी

जळगाव

चि. पोरी,

फोटो मिळाले. खिडकीपाशी, मेकअप न लावता काढलेस हे फार चांगलं केलंस, त्यामुळे बरंच काही कळलं. पुण्याच्या क्लिनिकने गालावरच्या पिंपलच्या खुणांसाठी लेसरच्या सहा सेशनचं पॅकेज सांगितलंय, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लग्न आहे आणि ॲडव्हान्स या आठवड्यात भरायचाय, एवढं तुझ्या आईकडून समजलं. पैसे भरायच्या आधी हे पत्र नीट वाच. मी त्वचेची डॉक्टर म्हणून लिहितेय आणि तुझी मावशी म्हणूनही.

तुझ्या गालावर दिसतंय ते सगळं एकाच जातीचं नाही. तपकिरी सपाट ठिपके म्हणजे डाग. बोट फिरवल्यावर ते हाताला लागत नाहीत. पिंपल बरा होताना तिथे रंगद्रव्य साचतं, ते काही महिन्यांत फिकट होतं. सनस्क्रीन नेमाने लावलं आणि डॉक्टरांनी दिलेलं ॲझेलेइक ॲसिडसारखं औषध वापरलं तर लवकर होतं. यासाठी त्वचेचा थर उडवणारा लेसर लागत नाही. उलट आपल्या वर्णाच्या कातडीवर त्याच्या उष्णतेने डाग जास्त गडद होऊ शकतात. तुला जो त्रास वाटतोय त्यातला निम्माअधिक हा डागांचाच आहे, असं मला फोटोंवरून वाटतं.

उरले खड्डे. बाजूने उजेड पडला की ज्यांची सावली पडते ते. त्यांतही प्रकार आहेत आणि उपचार प्रकारावर ठरतो. सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल असतात त्यांना आइसपिक म्हणतात. त्यांच्या तळापर्यंत लेसर नीट पोचत नाही. तिथे काडीच्या टोकाने तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड नेमकं खड्ड्यात टेकवतात. उतरत्या काठाचे, लाटांसारखे ते रोलिंग. गाल बोटांनी ताणल्यावर ते जवळजवळ दिसेनासे होतात, कारण त्यांना खालून तंतूंनी ओढून धरलेलं असतं. ते तंतू सुईने आतून सोडवावे लागतात, याला सबसिझन म्हणतात. ते न करता वरून कितीही लेसर मारला तरी ओढ तशीच राहते. सरळ काठाचे, उथळ खड्डे म्हणजे बॉक्सकार, आणि लेसरचा खरा फायदा यांना. बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात. म्हणून ज्यांनी चेहऱ्याला हात न लावता, गाल न ताणता मशीनचं नाव सांगितलं, त्यांनी तपासणी केलेलीच नाही, असं समज.

आता ते मशीन. तुला सांगितलेला फ्रॅक्शनल सीओटू लेसर चांगला आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये शोधला तो बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेल यांनी, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हा किरण त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो, पेशींची क्षणात वाफ होते आणि भोवतालच्या थराला चटका बसतो. त्या चटक्यातूनच नवीन कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार होतं. पूर्वी सगळा थर एकसलग काढत. २००४ च्या सुमारास फ्रॅक्शनल पद्धत आली. केळीच्या लागणीला अंतर सोडून खड्डे घेतात तसे लेसरचे बारीक ठिपके पाडायचे आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. त्या शाबूत जागेतूनच जखम लवकर भरते. २,९४० नॅनोमीटरचा अर्बियम याग लेसर पाण्यात याहून कितीतरी जास्त शोषला जातो, त्यामुळे खाली उष्णता कमी जाते. १,५५० च्या आसपासचे लेसर वरचा थर फोडत नाहीत, पण त्यांना सेशन जास्त लागतात. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीला मी कमी घनतेने, सावकाश जाणारी सेटिंग पसंत करते, आणि आधी कानापुढे छोट्या जागेवर चाचणी घेते. 'एकदम फुल पॉवर मारू, लवकर रिझल्ट येईल' असं कोणी म्हणालं तर उठून ये.

छिद्रांबद्दलही विचारलंस. ती रोमछिद्रं आहेत, त्यांना स्नायू नसतात, त्यामुळे गरम वाफेने उघडत नाहीत की बर्फाने मिटत नाहीत. तेल कमी झालं आणि भोवतालची त्वचा घट्ट झाली की बारीक दिसतात, एवढंच. निव्वळ छिद्रांसाठी लेसर करू नकोस. रात्री लावायचं रेटिनॉइड क्रीम बरंच काम करतं.

खरी अडचण वेळेची आहे. तुझ्या हनुवटीवर अजून ताजे लाल पिंपल आहेत. ते चालू असताना खड्डे भरणं म्हणजे पुढच्या खड्ड्यांना जागा करून देणं. आधी सहा महिने तरी पिंपल आटोक्यात हवेत. पाळी अनियमित असेल तर तेही सांग, जबड्यालगतचे पिंपल कधी कधी पीसीओएसचे, म्हणजे बीजकोशांच्या हार्मोनच्या त्रासाचे, असतात. पिंपलवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू करायचं ठरलं तर लग्नाचा विचार आधी, कारण त्या गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना दिवस राहता कामा नयेत. बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं.

आणि ऊन! आखाजीच्या सुमाराला जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. ताज्या लेसरच्या त्वचेवर ते ऊन म्हणजे काळ्या डागांना आमंत्रण. त्यात पत्रिका वाटायला, बस्त्याला, गावोगाव फिरणं. चेहऱ्यावर खपल्या आठवडाभर राहतात, लाली त्याहून जास्त, आणि कोलॅजनचं काम तीन ते सहा महिने चालतं. लग्नाच्या फोटोत त्याचा फायदा दिसणार नाही, नुकसान मात्र दिसेल. कोवळ्या त्वचेवर हळद लागली तर आग होईल ती वेगळी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लग्नाआधी लेसर नको. आत्ता पिंपल आणि डाग यांवर उपचार करू, आणि खड्ड्यांचं काम दिवाळीनंतर, थंडीत सुरू करू. महिना-दीड महिन्याच्या अंतराने तीन-चार सेशन. खड्डे साफ नाहीसे होणार नाहीत, पण उथळ होतील, सावली कमी पडेल.

एक विचारायचं राहिलं. फोटोत गालावर बारीक लाल शिरा दिसतात. मेडिकलमधून आणलेली गोरं होण्याची ट्यूब लावतेस का? तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्वचा पातळ होते, पिंपलही वाढतात. एकदम बंद केलीस तर चेहरा भडकेल, म्हणून मला दाखवून मग हळूहळू सोडवू. ओठावर कधी पाणी भरलेले फोड (हर्पिस) येऊन गेले असतील, किंवा छाती-खांद्यावर जखमेचा वण उंच वाढलेला असेल, तर तेही लक्षात ठेवून सांग. लेसरच्या निर्णयात दोन्ही महत्त्वाचं.

पुण्यातच उपचार घ्यायचे असले तरी माझी हरकत नाही. फक्त लेसर कोण चालवणार ते विचार, आणि त्या डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत तपास. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा पाहिजे. नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिलेलं पुरत नाही.

ॲडव्हान्स भरू नकोस. पुढच्या रविवारी गावी येतेस ना, तेव्हा आईला घेऊन दुपारनंतर ये. ट्यूब खोक्यासकट आण, आणि सकाळपासून चेहऱ्याला पावडर लावू नकोस.

तुझी मावशी